वाळ्याचा पडदा

ज्येष्ठात ग्वाल्हेरकडे पारा ४५ अंशांवर जातो. त्यात वीज गेली, की घरातील वृद्धांचे व तान्ह्यांचे हाल पाहवत नाहीत. अशा वेळी वाळ्याचा पडदा हाच खरा आधार, असे आम्हांस वाटते. तो खिडकीबाहेर टांगावा. तावदानातून आत शिरलेले ऊन आतला पडदा परतवू शकत नाही. तावदाने उघडून पडदा ओला राखावा. लिटरभर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते व झळ निवते. समोरची खिडकी किंचित उघडी असावी, अन्यथा दमटपणा कोंडतो. पावसाळी हवेत मात्र हा गुण उरत नाही. तेव्हा पडदा वाळवून ठेवावा. गारवा आणि रस्त्यावरच्या नजरांपासून आडोसा, दोन्ही एका गवताच्या मुळांतून लाभतात!