किरकोळ म्हणे!

‘किरकोळ अपडेट आहे, संध्याकाळी टाकून देऊ.’ हे वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा ऐकलंय आणि निर्लज्जपणे तितक्याच वेळा उच्चारलंय. आता कुणी ते म्हणालं की मी आधी विचारतो, किरकोळ कुणासाठी? तुझ्या कोडसाठी की माझ्या डेटासाठी?

हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत काम करणाऱ्या आम्हा लोकांचा एक तोरा असतो: कंपाइल झालं की चाललंच समजा. टाइप तपासलेत, फंक्शनं शुद्ध आहेत, तेच दिलं की तेच मिळणार. बाकीचे बिचारे रात्री-अपरात्री चुका शोधत बसतात, आम्ही सुखाने झोपतो. हा माज डिस्कपाशी येऊन उतरतो.

हास्केलमध्ये डेटा टिकवून ठेवणारी ‘अ‍ॅसिड-स्टेट’ नावाची लायब्ररी आहे. कल्पना देखणी आहे. वेगळा डेटाबेस नको, एसक्यूएल नको. सगळा डेटा साध्या हास्केल व्हॅल्यूंच्या रूपात मेमरीत राहतो. प्रत्येक बदलाची नोंद डिस्कवरच्या लॉगमध्ये होते आणि मधूनमधून सगळ्या स्थितीचा चेकपॉइंट घेता येतो. प्रोग्राम बंद पडला तर शेवटचा चेकपॉइंट उचलायचा आणि त्यानंतरच्या नोंदी क्रमाने पुन्हा चालवायच्या. आपल्या पेढीवरची जुनीच रीत: लॉग म्हणजे रोजकीर्द, चेकपॉइंट म्हणजे ताळेबंद.

फरक एकच, पण तोच घात करतो. मुनीमजी कीर्दीत रक्कम लिहीत. या लॉगमध्ये लिहिलेलं असतं फंक्शनचं नाव आणि त्याला दिलेली माहिती. ‘अमुक माल, अमुक दर, बिल करा.’ बिल किती झालं, ते लॉगमध्ये नसतं. प्रोग्राम पुन्हा सुरू झाला की ते नव्याने काढलं जातं, आणि काढतो कोण? आज बसवलेला कोड! शुद्ध फंक्शनला तेच दिलं की तेच मिळतं, कबूल. पण मधल्या काळात फंक्शनच बदललं असेल तर?

एका छोट्या कंपनीत आम्ही हेच करून दाखवलं. हास्केलचं ‘राउंड’ फंक्शन बरोबर अर्ध्यावर आलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे नेतं. साडेबाराचे बारा होतात, साडेतेराचे चौदा. आमच्यातल्या एकाला ही चूक वाटली. त्याने एका ओळीत ती ‘सुधारली’: अर्धा आला की वरच. त्याच संध्याकाळी लायब्ररीचं किरकोळ अपडेटही टाकायचं होतं. एका दगडात दोन पक्षी! कंपायलरने हूं की चूं केलं नाही. प्रोग्राम पुन्हा सुरू झाला. शेवटचा चेकपॉइंट तीन आठवड्यांपूर्वीचा होता, म्हणून तीन आठवड्यांची बिलं नव्या हिशेबाने नव्याने तयार झाली. सकाळी हिशेबनीस काका छापील बिल घेऊन आले. ‘अहो, कागदावर बारा आणि पडद्यावर तेरा. यातलं खरं कुठलं?’

लायब्ररीचं अपडेट निर्दोष होतं. दोष आमच्या ओळीत होता, आणि त्याहून जास्त ‘किरकोळ’ या शब्दावर टाकलेल्या विश्वासात.

कारण हा शब्द मोजतो काय, ते बघा. हास्केलच्या पॅकेजांचा आवृत्ती-क्रमांक देण्याचा नियम आहे: पहिले दोन आकडे मोठ्या बदलाचे, तिसरा किरकोळ बदलाचा. नवं फंक्शन आलं की तिसरा आकडा वाढतो. जुनं काढलं किंवा त्याचा टाइप बदलला की पहिल्या दोनांपैकी एक. सारा हिशेब नावांचा आणि टाइपांचा. आमच्या त्या ओळीने एकही नाव बदललं नाही, एकही टाइप बदलला नाही. नियमाच्या नजरेत ती किरकोळाहूनही किरकोळ! उलट आमच्या डेटाच्या मुख्य टाइपचं नुसतं नाव बदललं असतं, तर नेहमीच्या मांडणीत लायब्ररीने त्या नव्या नावाचा फोल्डर शोधला असता, तो सापडला नसता आणि कोऱ्या पाटीवर कारभार सुरू केला असता. जुना डेटा शेजारच्याच फोल्डरमध्ये धूळ खात बसला असता.

ज्या डेटाबेसवाल्यांना डेटाची चाड आहे ते वेगळं बोलतात. किरकोळ आवृत्तीत डिस्कवरची साठवणुकीची रचना बदलणार नाही, असं पोस्टग्रेस लेखी सांगतं. एसक्यूलाइटने २००४ सालच्या ३.०.० पासूनच्या फाइली आजही वाचता येतील अशी काळजी घेतली आहे आणि २०५० पर्यंत साथ देण्याचा मनसुबा जाहीर केला आहे. ही माणसं शपथ घेतात ती फाइलीची. आम्ही घेतो टाइपची.

लायब्ररी फुकट सांभाळणाऱ्यांवर मी दात खाणार नाही. मोकळ्या वेळात ते नव्या कंपायलरशी जुळवून घेत बसतात, म्हणून आमची दुकानं चालतात. डेटा आपला, तेव्हा राखणही आपलीच.

म्हणून पुढच्या वेळी कुणी ‘किरकोळ’ म्हणालं, तर आधी चालू आवृत्तीवरच चेकपॉइंट घ्या. डेटाची पूर्ण प्रत वेगळी ठेवा. दुसऱ्या प्रतीवर नवी आवृत्ती चालवा आणि आधीची-नंतरची बेरीज ताडून बघा. बेरीज जुळली, तर खुशाल किरकोळ म्हणा. तोवर तो शब्द तोंडातून काढू नका. निदान हिशेबनीस काकांसमोर तरी नको.