तेल केव्हां बदलावें?

आमची मोटार वर्षांत जेमतेम २,००० किलोमीटर धांवते. सबब तेल बदलण्याची घाई नको, असा हिशेब मांडून मीं तीन वर्षें काढलीं. परवां मिस्त्रीनें झांकण उघडून आंत सांचलेला काळा चिखल दाखविला, तेव्हां ही काटकसर महाग पडल्याचें कळलें. देवळापर्यंतच जाणाऱ्या गाडीचें एंजिन पुरतें तापत नाहीं. त्यामुळें पाण्याचा अंश व न जळलेलें पेट्रोल तेलांतच राहतें. उलट, तेल काळें दिसलें म्हणजे निकामी झालें असेंहि नव्हे; काजळी धरून ठेवणें हें त्याचें कामच आहे. तेव्हां वाचकहो, रंगावर जाऊं नका. गाडीच्या पुस्तिकेंत अंतर व मुदत दोन्ही दिलेलीं असतात. त्यांपैकीं जें आधीं भरेल तें प्रमाण. अनभ्यासानें विद्या जाते, अल्पवापरानें तेल!