अबोल आणि हळवे

अबोल मूल उदासच असावयाचे, असा आपल्या घरांतून समज आहे. वस्तुतः अंतर्मुखता व हळवेपणा हे निराळे स्वभावधर्म होत. कुंभकोणमच्या श्रीनिवास रामानुजन यांचेच पाहा. शाळेत अंकगणितात मित्रास एक गुण अधिक मिळाला, तर हे रडत आईकडे गेले! शिष्यवृत्ती गेल्यावर १९०५ साली कोणास न सांगता त्यांनी विशाखापट्टणम गाठले. पुढे केंब्रिजमध्ये पाहुण्यांनी पुन्हा वाढून घेतले नाही, एवढ्यावरून हे यजमानच घराबाहेर पडले आणि काही दिवस परतले नाहीत. ‘मनाला लावून घेऊ नकोस’ असे अशा मुलास वडीलधारी सांगतात. पण ते त्याच्या हाती असते कोठे? आणि हेच रामानुजन मित्रांत विनोद सांगू लागले, की तो पुरा होण्याआधी स्वतःच हसत सुटत.