परीक्षक कोण, हे आधी विचारा

सोने घ्यायला निघालेला माणूस आता चांगलाच सावध झाला आहे. दागिना हातात आला की तो आधी भिंग मागतो आणि हॉलमार्क शोधतो. देशातल्या २५६ जिल्ह्यांत १६ जून २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२३ पासून त्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांकही असावा लागतो. त्यामुळे "९१६ आहे ना?" हा प्रश्न आपल्या बाजारात मराठीत आणि कानडीत सारख्याच ठसक्यात विचारला जातो. पण हाच माणूस हिऱ्याच्या काउंटरपाशी गेला की "सर्टिफिकेट आहे ना?" एवढेच विचारतो आणि समोरून "आहे" आले की निर्धास्त होतो. सर्टिफिकेट कोणाचे, हे मात्र कोणी विचारत नाही.

इथे एक मूलभूत फरक आहे. सोन्याची शुद्धता मोजता येते. ९१६ म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने. ते बेळगावात मोजा नाहीतर चेन्नईत, उत्तर एकच यायला हवे. हिऱ्याचे वजनही मोजता येते. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम आणि एका कॅरटचे १०० सेंट. (सोन्याचा २२ कॅरट वेगळा, तो शुद्धतेचा. हा वजनाचा. नावातल्या या साम्याने अनेकांचा गोंधळ होतो.) पण हिऱ्याचा रंग किती पांढरा आणि आत डाग किती, हे प्रामुख्याने प्रशिक्षित माणसाची नजर ठरवते. म्हणजे वजन हे माप आणि रंग व शुद्धता हे मत. दोन्ही एकाच गुळगुळीत कागदावर छापलेले असतात, म्हणून आपल्याला ते सारखेच पक्के वाटतात.

आम्हा प्राध्यापक मंडळींना हे समजायला जड जाऊ नये. उत्तरपत्रिका तपासताना काय होते? बहुपर्यायी प्रश्नाला कोणीही तपासले तरी तेवढेच गुण पडतात. निबंधाला मात्र एक परीक्षक बारा देतो, दुसरा पंधरा. दोघेही प्रामाणिक असतात. म्हणून विद्यापीठ उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकून सांकेतिक क्रमांक घालते, काही परीक्षांत दोघांकडून तपासून घेते आणि फरक मर्यादेबाहेर गेला तर तिसऱ्याकडे पाठवते. एवढे करूनही "अमुक सरांच्या हातचे साठ म्हणजे खरे साठ" ही कुजबुज स्टाफरूममध्ये चालतेच.

हिऱ्यांच्या जगात 'अमुक सर' म्हणजे जीआयए, जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका. रॉबर्ट शिप्ले यांनी १९३१ मध्ये ही ना-नफा संस्था सुरू केली. त्यापूर्वी व्यापारी आपापल्या मनाने 'ए', 'डबल ए' अशी अक्षरे लावत. तो घोळ मागे पडावा म्हणून जीआयएने रंगाची पट्टी मुद्दामच 'डी' पासून सुरू केली. डी म्हणजे रंगहीन, आणि तिथून झेडपर्यंत पिवळसर किंवा तपकिरी छटा वाढत जाते. शुद्धतेच्या अकरा पायऱ्या आहेत, निर्दोष 'एफएल' पासून नुसत्या डोळ्यांना डाग दिसणाऱ्या 'आय-३' पर्यंत. रिचर्ड लिडिकोट यांच्या पुढाकाराने ही पद्धत १९५३ मध्ये तयार झाली आणि १९५५ मध्ये पहिले अहवाल निघाले. तिथेही खड्याच्या मालकाचे नाव तपासनिसाला कळू दिले जात नाही. ठरावीक प्रकाशात, नमुन्याच्या खड्यांशेजारी ठेवून रंग पाहतात, दहापट भिंगाखाली शुद्धता पाहतात, आणि एकाहून अधिक जण स्वतंत्रपणे मत नोंदवतात. थोडक्यात, सांकेतिक क्रमांक आणि दुहेरी तपासणी! आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. जीआयए त्या कागदाला 'सर्टिफिकेट' म्हणत नाही, 'रिपोर्ट' म्हणते. ही हमी नाही आणि किमतीचा दाखलाही नाही, असे त्या कागदावर स्पष्ट छापलेले असते.

बाकीच्या प्रयोगशाळांपैकी आपल्याकडच्या दुकानांत सर्वाधिक दिसते ती आयजीआय. १९७५ मध्ये बेल्जियमच्या अँटवर्प शहरात ती सुरू झाली. तिचा मुंबईत मोठा पसारा असून डिसेंबर २०२४ पासून तिचे शेअर भारतीय बाजारात नोंदलेले आहेत. अँटवर्पचीच एचआरडी ही युरोपात नावाजलेली. या साऱ्यांची अक्षरे बहुतांशी तीच, डी-ई-एफ आणि व्हीव्हीएस-व्हीएस. पण अक्षरे तीच म्हणून हात तोच, असे नाही.

याचा सर्वांत मोठा धडा ईजीएलने दिला. या एकाच नावाखाली वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या प्रयोगशाळा चालत आणि त्यांतल्या काहींचा हात फारच सढळ होता. त्यांनी 'जी' म्हटलेला खडा कडक प्रयोगशाळेत दोन-तीन पायऱ्या खाली उतरे. व्यापाऱ्यांना हे ठाऊक होते, ते भाव कापूनच घेत. ग्राहकाला मात्र "जीआयएच्या 'जी'पेक्षा बघा किती स्वस्त" असे सांगितले जाई. अखेर हिऱ्यांच्या व्यापाराचे मोठे ऑनलाइन जाळे असलेल्या रॅपनेटने १ ऑक्टोबर २०१४ पासून ईजीएलचे सगळे अहवाल यादीतून काढून टाकले. अर्थात कडक परीक्षकही देव नव्हे. २००५ मध्ये लाचखोरीच्या आरोपांनंतर खुद्द जीआयएला न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेतील काही कर्मचाऱ्यांना काढावे लागले होते.

हे सगळे दूरदेशीचे वाटत असेल तर आमच्या एका सहकाऱ्याची हकिगत सांगतो. ते मराठी, वहिनी गदगकडच्या कानडी. लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाला त्यांनी वहिनींना अर्ध्या कॅरटची एक खड्याची अंगठी घेतली. सोबत सर्टिफिकेट, रंग 'जी', शुद्धता 'व्हीएस-२'. पुढे मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी ती विकायची वेळ आली. दुसऱ्या शहरातल्या जुन्या जवाहिऱ्याने कागद उलगडला, प्रयोगशाळेचे नाव वाचले आणि घडी घालून परत दिला. "सर, या कागदातला 'जी' आमच्याकडे 'जे' धरतात." विश्वास बसेना म्हणून खडा काढून अधिक कडक प्रयोगशाळेत पाठवला. उत्तर आले, रंग 'जे', शुद्धता 'एसआय-१'. अंगठी विकली गेली, पण दिलेल्या आणि मिळालेल्या रकमेत मुलीच्या एका वर्षाच्या फीएवढी तफावत राहिली. त्यात विकणाऱ्याचे नेहमीचे कमिशन होते, दुकानाचा नफा होता, आणि तीन पायऱ्यांच्या रंगाचे पैसेही होते. तक्रार कोणाकडे करणार? कागदावर तर 'मत' असेच लिहिलेले!

वहिनींच्या कानात त्यांच्या अव्वाची सात खड्यांची वज्रद ओले आहे. (मराठीत ओले म्हणजे भिजलेले, कानडीत ओले म्हणजे कानातले. या शब्दावरून त्यांच्या घरी अजून थट्टा चालते.) तिला कसलाच कागद नाही. जुन्या ओलेचे कोंदण मागून बंद असते, त्यामुळे खडे सुटे केल्याशिवाय त्यांची नीट परीक्षा होत नाही. जीआयए तर फक्त सुटेच खडे तपासते. वहिनींनी ओले उघडू दिली नाही, आणि मला ते पटले. जी वस्तू विकायचीच नाही, तिला परीक्षेला कशाला बसवा?

मात्र जुन्या काळी परीक्षा नव्हतीच, असे कोणी समजू नये. कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मराठीतले जुने पद्यही सापडते, म्हणून आम्हा मराठीच्या शिक्षकांना तो ओळखीचा. त्याच ग्रंथात राजकोशाच्या संदर्भात रत्नपरीक्षाही आहे. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणींवर आलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवले आहे, की इथले व्यापारी हिरे दिवसा नव्हे तर रात्री पारखतात. भिंतीत फूटभर कोनाडा करून त्यात जाड वातीचा दिवा ठेवतात आणि त्या उजेडात खड्याचे 'पाणी' पाहतात. ठरावीक प्रकाशाचे महत्त्व आपल्या पारख्यांनाही ठाऊक होते. फक्त त्यांचे मत कागदावर नव्हे, त्यांच्या नावावर चाले.

आता नवी गुंतागुंत प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांची. रासायनिक दृष्ट्या तोही हिराच, पण भाव नैसर्गिक हिऱ्याच्या तुलनेत फारच खाली. तरीही दोघांच्या कागदावर वर्षानुवर्षे तीच अक्षरे छापली गेली. असे हिरे रंग-शुद्धतेच्या एका अरुंद पट्ट्यातच येतात, म्हणून जीआयएने १ ऑक्टोबर २०२५ पासून त्यांना ही अक्षरे देणे थांबवले आणि 'प्रीमियम' व 'स्टँडर्ड' असे दोनच वर्ग ठेवले. आयजीआयने मात्र जुनीच अक्षरपद्धत चालू ठेवली. म्हणून 'एफ, व्हीएस-१' वाचून हुरळून जाऊ नका. 'लॅबोरेटरी ग्रोन', 'सीव्हीडी', 'एचपीएचटी' हे शब्द कागदावर कुठे आहेत का, ते आधी शोधा. स्वस्त म्हणून तो हिरा जाणीवपूर्वक घेण्यात काहीच गैर नाही.

तेव्हा वाचकहो, लग्नसराईत हिरा घ्यायचा झाला तर दोन खड्यांची तुलना एकाच प्रयोगशाळेच्या कागदांवरून करा. एकाचा 'जी' आणि दुसऱ्याचा 'जी' शेजारी ठेवून स्वस्त-महाग ठरवू नका. अहवालाचा क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर स्वतःच्या फोनवरून तपासा. खड्याच्या कडेवर लेझरने कोरलेला क्रमांक भिंगातून पाहा. पण खोटा क्रमांक कोरल्याचे प्रकारही उघडकीस आले आहेत, म्हणून वजन आणि मिलिमीटरमधली मापेही जुळवा. बांगडी किंवा मंगळसूत्राच्या पदकाला मिळून एकच कागद असेल तर त्यातला 'एफ-जी' हा सगळ्या खड्यांचा मिळून अंदाज असतो, हे लक्षात ठेवा. एक-दोन सेंटच्या खड्यांसाठी वेगळ्या अहवालाचा खर्च करण्यात अर्थ नाही. आणि बिलावर प्रयोगशाळेचे नाव, अहवालाचा क्रमांक व परत घेण्याची अट लिहून घ्या. दुकानदार चांगला असेल तर तो आढेवेढे घेणार नाही.

मुलाचे स्थळ बघताना नुसती टक्केवारी ऐकून आपण गप्प बसत नाही. कॉलेज कुठले, विद्यापीठ कुठले, सगळे खोदून विचारतो. हिऱ्याच्या बाबतीत तेवढीच चौकशी करा. पैसे मोजण्याआधी.