थांब्यावर पोसलेले कर्जत

रेल्वेने मुंबईहून पुण्याला जाणाऱ्याला कर्जत म्हटले की बटाटेवडा आठवतो. वडा चांगला आहेच, आम्हीही अनेकदा खाल्ला आहे. पण तो खपतो गाडी थांबते म्हणून, आणि गाडी थांबते घाटामुळे. कर्जतपुढे बोरघाटाचा चढ ३७ फुटांस १ फूट असा आहे. लांब पल्ल्याची जड गाडी तो एका इंजिनावर चढत नाही, म्हणून कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. ही जोडणी होईपर्यंतची काही मिनिटे हाच फलाटावरच्या विक्रेत्याचा बाजार!

हा बाजार कायमचा आहे असे व्यापारी बंधूंनी समजू नये. शेजारच्या खोपोलीचे काय झाले ते पाहा. १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत पोचली. १८५८ साली पुण्याकडून खंडाळ्यापर्यंत गाडी आली. मधला घाट मात्र पालखी, तट्टू नाहीतर बैलगाडी यांनीच पार करावा लागे. म्हणजे माल आणि उतारू खोपोलीत उतरणार, हमालाला नि गाडीवानाला रोजी मिळणार. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटातली रेल्वे खुली झाली. त्या कामात हजारो मजूर दगावले. मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने मक्ता तडीस नेला. (या बाईचे नाव आमच्या शाळेत कोणी सांगितले नाही.) मुख्य मार्ग पळसदरीहून घाटात वळला, खोपोली फाट्याच्या टोकाला राहिली. टाटांचे वीजघर तेथे सुरू झाले ते १९१५ साली. मध्ये ५२ वर्षे गेली.

आता पाळी कर्जतची. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडी बँकरशिवाय घाट चढते. कर्जतला ती थांबत नाही. एका गाडीने बाजार बसत नाही, हे मान्य. पण पुढे येणाऱ्या गाड्या याच जातीच्या असणार. थांब्यासाठी निवेदने जरूर द्यावीत. मात्र इंजिनाची गरज संपली की निवेदनाचा जोर किती, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

फलाटाबाहेर कर्जतकडे आहे काय? भात. येथील संशोधन केंद्राने काढलेले 'कर्जत-३', 'कर्जत-७' हे वाण शेतकरी जाणतात. बियाण्याला गावाचे नाव मिळाले, पण किराणा दुकानात कर्जतचा तांदूळ द्या म्हणणारे गिऱ्हाईक आम्हाला अजून भेटलेले नाही. पैसेवाल्यांचे लक्ष जमिनीच्या दलालीकडे! २०१६ साली मंजूर झालेल्या पनवेल-कर्जत उपनगरी मार्गामुळे ती आणखी वाढेल. पण त्याच मार्गाने नवी बिऱ्हाडेही येतील. उतारू वर्षातून दोनदा वडा घेतो, बिऱ्हाड महिन्याला दहा किलो तांदूळ घेते. चार गिरणीवाल्यांनी मिळून एकाच छापाच्या पाच किलोच्या पिशव्या काढाव्यात, आणि पहिला माल ठेवावा तो स्टेशनाबाहेरच, वड्याच्या गाडीशेजारी.