वृद्धांचा व्यायाम : उपदेश आणि सोय

जळगावच्या मेहरूण तलावाकाठी फिरणारे वृद्ध पाहून समाधान वाटते. परंतु गुडघे आखडलेला, मधुमेहाने ग्रासलेला वृद्ध तेथवर पोहोचतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली वृद्धांना आठवड्यास किमान १५० मिनिटे हालचाल सुचविली. आजारी माणसाने झेपेल तेवढ्यापासून प्रारंभ करावा, असेही सांगितले. खुर्चीत बसून पाय उचलणे हाही व्यायामच होय. छातीत दुखल्यास वा भोवळ आल्यास मात्र तत्काळ थांबावे. खानदेशच्या उन्हाळ्यात पहाटच साधावी लागते आणि इन्सुलिन घेणाऱ्याने तेव्हा उपाशीपोटी निघणे धोक्याचे असते. हे सारे समजावून कोणी द्यायचे? धुळे व जळगाव या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर व्यायामाचीही चिठ्ठी मिळावी आणि महापालिकांनी सपाट पदपथ व बाके द्यावीत. त्यावाचून ‘फिरत जा’ हा उपदेश पोकळच ठरेल.