प्लास्टिकचा तुकडा 'बंदूक' केव्हा ठरतो?

अमेरिकेत एआर-१५ जातीची रायफल सुट्या भागांतून घरीच जुळवणाऱ्या हौशी लोकांचा मोठा वर्ग आहे. नळी, दस्ता, दुर्बीण असे बहुतेक भाग तेथे साध्या मालाप्रमाणे विकत मिळतात. अपवाद एका भागाचा. चाप आणि घोडा ज्यात बसतात ती खालची चौकट, म्हणजे 'लोअर रिसीव्हर', कायद्याच्या दृष्टीने स्वतःच बंदूक आहे. विक्रेत्याकडील चौकटीवर अनुक्रमांक असतो आणि ग्राहकाची पार्श्वभूमी तपासल्यावरच ती त्याच्या हाती पडते.

ही चौकट परंपरेने ॲल्युमिनियमची. रायफल हलकी व्हावी म्हणून काही जण पॉलिमरची, म्हणजे प्लास्टिकची, चौकट निवडतात. मात्र त्यातून वाचतात ते शंभरेक ग्रॅम. सुमारे तीन किलोंच्या रायफलीत ही बचत फार नव्हे. शिवाय दस्त्याची नळी आट्यांनी जेथे बसते, ते मागचे कडे प्लास्टिकमध्ये कमकुवत ठरते. ॲल्युमिनियमचीच मापे उचललेल्या चौकटी तेथे तडकतात. म्हणूनच दस्ता आणि मूठ यांसह एकसंध ओतलेली रचना अधिक भरवशाची मानली जाते.

पॉलिमरचा खरा परिणाम मात्र वजनाबाहेरचा आहे. अर्धवट चौकट 'अद्याप बंदूक नव्हे' असे म्हणून विकायची आणि उरलेले काम ग्राहकाने घरी करायचे, ही पळवाट या मऊ पदार्थाने सोपी केली. ना अनुक्रमांक, ना तपासणी. अशा 'घोस्ट गन' माग काढण्यासाठी केंद्रीय यंत्रणेकडे २०१७ मध्ये सुमारे १,६०० आल्या होत्या; २०२१ मध्ये हा आकडा १९ हजारांवर गेला.

या पार्श्वभूमीवर २०२२ मध्ये सरकारने नियम कडक केले. त्यांना दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्च २०२५ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी फेटाळले. न्यायालयासमोरील एका पिस्तुलाच्या संचापासून नवख्या माणसाने अवघ्या २१ मिनिटांत शस्त्र तयार केले होते. दुकानातून सुटे आणलेले टेबल जुळवण्यापूर्वीही आपण त्याला टेबलच म्हणतो, असा न्यायमूर्ती नील गॉर्सच यांचा युक्तिवाद होता. तथापि प्रत्येक अर्धवट तुकडा बंदूक ठरतो, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. सीमारेषा नेमकी कोठे, हा वाद शिल्लकच आहे.

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याने बंदुकीच्या व्याख्येतच तिचे सुटे भाग आणि ती घडविण्याची यंत्रसामग्री धरली आहे. अमेरिकेने सारा भार एका चौकटीवर टाकला. आणि नेमकी तीच चौकट आज घरातल्या थ्रीडी प्रिंटरवर निघू शकते. एकाच भागावर उभा असलेला कायदा, तो भाग घरोघरी बनू लागल्यावर कितपत टिकेल, हा प्रश्न त्या निकालाने सुटलेला नाही.